रुंद रस्ता आणि वस्तीची गाडी

(द्वितीय वर्ष, कला)

२०२६ च्या फेब्रुवारीत आपल्याकडे जिल्हा परिषदेची आणि पंचायत समितीची निवडणूक झाली. माझे हे पहिलेच मतदान. यापूर्वीची निवडणूक २०१७ सालच्या फेब्रुवारीतली. तेव्हा मी मराठी शाळेत पाटी-पुस्तक घेऊन जात होते. त्या सदस्यांची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षे लोकांनी निवडलेला एकही सदस्य तेथे नव्हता. प्रशासकच कारभार पाहत होते. इतक्या वर्षांनी मते मागायला माणसे दारात येणार, म्हणजे बोलण्यासारखे पुष्कळ साचलेले असणार हे उघड होते. साचलेले होते खरे, पण ते सगळे एकाच विषयाचे निघाले. तो विषय म्हणजे हायवे!

आमच्या गटात तीन उमेदवार उभे होते. त्यांची नावे आणि चिन्हे येथे लिहीत नाही. महाविद्यालयाच्या वार्षिकात ते शोभणार नाही, आणि या लेखातला मुद्दाही कोणा एकाचा नाही. राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी सांगितले होते की भाषणे ऐका, पण पत्रके जपून ठेवा. त्याप्रमाणे तिघांचीही पत्रके मी वहीत ठेवली आहेत. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली, त्यामुळे छापील कागद आला की तो मोठ्याने वाचून दाखवणे हे माझेच काम. एके रात्री जेवणे झाल्यावर मी तिन्ही पत्रके आई-बाबांना वाचून दाखवली.

पहिल्या उमेदवाराच्या पत्रकात महामार्गाचे चौपदरीकरण आमच्याच नेत्यांमुळे मार्गी लागले, उरलेले काम युद्धपातळीवर पूर्ण करू, असे होते. वर एका भल्यामोठ्या उड्डाणपुलाचे रंगीत चित्र होते. तो पूल आपल्या कोकणातला नाही एवढे मी खात्रीने सांगते, कारण त्याच्या मागे डोंगर नव्हता! दुसऱ्या उमेदवाराने याच महामार्गाच्या रखडण्यावर तोंडसुख घेतले होते, आणि भूसंपादनात अन्याय झालेल्यांना वाढीव मोबदला व स्थानिकांना टोलमाफी ही दोन आश्वासने ठळक अक्षरांत दिली होती. अगदी शेवटच्या ओळीत, छापखान्याच्या नावाच्या जरा वर, ‘एस.टी. सेवा सुधारणार’ एवढे तीन शब्द होते. तिसरे अपक्ष. त्यांच्या स्वतःच्या वडापच्या तीन गाड्या रस्त्यावर आहेत. त्यांनी ‘वाडी तिथे गाडी’ असे लिहिले होते. कोणाची गाडी, ते मात्र लिहिले नव्हते.

बाबांनी सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, “आणि आपल्या मोरीचं काय लिवलंय?”

मोरीचे कोणीच काही लिहिले नव्हते.

ही मोरी काय प्रकरण आहे ते सांगितले पाहिजे. आमचे गाव महामार्गावरच्या फाट्यापासून साडेचार किलोमीटर आत. वाटेत एक वहाळ लागतो आणि त्यावर ही जुनी मोरी. दोन पावसाळ्यांपूर्वी तिची एक बाजू खचली. मोटारसायकल जाते, रिक्षा जाते, चिऱ्यांचा छोटा टेम्पोही जपून जातो, पण एस.टी.ची मोठी गाडी जात नाही. चाळीस माणसांचा जीव मागे बसलेला असताना कोणत्याही शहाण्या ड्रायव्हरने ती तेथून घालू नये, असे माझेही मत आहे. गाडी फाट्यापर्यंत येते आणि तेथूनच वळते. अशा रीतीने आमच्या गावची वस्तीची गाडी बंद पडली.

शहरात वाढलेल्या वाचकांना वस्तीची गाडी म्हणजे काय हे कदाचित ठाऊक नसेल. रात्री आठच्या सुमारास शेवटची गाडी गावात येते, मुक्कामाला राहते आणि पहाटे सहाला पहिली गाडी म्हणून सुटते. ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या पडवीत किंवा देवळात पथारी टाकतात. कोणाच्या तरी घरून त्यांना भाकरी-कालवण जाते. आमच्याकडे त्याची पाळी लावलेली होती आणि ती कोणी चुकवीत नसे. या गाडीबरोबर तालुक्याहून औषधे यायची, दुकानदाराचे पार्सल यायचे, कोणाचा चष्मा दुरुस्त होऊन यायचा. पहाटे इंजिन चालू झाल्याचा आवाज आला की आई चुलीवर पाणी ठेवी. आजारी माणसाला रात्री जास्त वाटले तर ‘सकाळची गाडी आहे’ एवढ्यावर घरातली माणसे धीर धरीत. ती गाडी दारात उभी आहे, आपण अगदीच जगाबाहेर पडलेलो नाही, असे गावाला वाटत असे. पुणे ते नगर ही एस.टी.ची पहिली गाडी धावली ती १ जून १९४८ रोजी. तेव्हापासून खेड्यात शाळा, दवाखाना आणि नोकरी पोहोचवण्यात या लाल गाडीचा वाटा किती, हे मोजायला एखाद्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी विद्यार्थी लावावेत. मी येईन.

आता अधिकाराचा प्रश्न. आमच्या वर्गातला एक विद्यार्थी मला म्हणाला की जिल्हा परिषदेच्या उमेदवाराला एस.टी.बद्दल विचारण्यात अर्थ काय, ती तर राज्याच्या महामंडळाची. बरोबर आहे. एस.टी. चालते ती १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली. जिल्हा परिषद तिला एक फेरीसुद्धा वाढवून देऊ शकत नाही. पण मग महामार्गाचे काय? राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा. त्याची जमीन १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याने घेतली जाते. मुंबई-गोवा महामार्गाचा पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा तुकडा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, आणि तेथून खाली झारापपर्यंतचे काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागातल्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्गही बांधकाम विभागाचेच. जिल्हा परिषदेकडे उरतात ते इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. म्हणजे नेमके आमच्या मोरीसारखे! ज्या रस्त्यावर सदस्याला खडीचा एक ट्रकही टाकता येत नाही त्याविषयी तिन्ही उमेदवार तास-तास बोलले, आणि ज्या रस्त्याचा पैसा त्यांच्याच सभागृहात मंजूर होणार त्याविषयी चकार शब्द नाही. हे अज्ञान आहे असे मला वाटत नाही. इतकी वर्षे राजकारणात असलेल्या माणसांना एवढे कळतेच. जे आपल्या हातात नाही त्याबद्दल पाच वर्षांनी कोणी जाब विचारत नाही, ही त्यातली सोय आहे.

दुसऱ्या उमेदवाराची सभा आमच्या गावात देवळापुढच्या सहाणेवर झाली. बायका मागे बसल्या होत्या. भाषण संपल्यावर मी उठून गाडीचे विचारले. माझा आवाज कापत होता, पण विचारले. उमेदवार काका प्रेमाने म्हणाले, “बाय, तू काळजी करू नको, आत्ता फोन लावतो.” आणि त्यांनी खरोखरच खिशातून फोन काढून कोणाला तरी लावला, आवाज मोठा केला, पलीकडून ‘बघतो साहेब’ असे उत्तर आले आणि टाळ्या पडल्या. मी पुन्हा उठून म्हटले, “काका, गाडी मोरीमुळे येत नाही, मोरी जिल्हा परिषदेची आहे.” तोपर्यंत ढोल सुरू झाला होता.

हे सारे असे का होते याचा मी बराच विचार केला, आणि माझ्या मते त्याचे उत्तर मुंबईत आहे. कोकणातल्या कोणत्याही गावाचे दोन भाग असतात. एक येथे राहतो आणि दुसरा लालबाग, विरार, दिवा येथे. गावच्या मंडळाची मुंबई शाखा असते, आणि मत कोणाला द्यायचे याचा निरोप पुष्कळदा तेथूनच येतो. आमचे काका मुंबईत आहेत. गणपतीला येतात तेव्हा उंबऱ्यात पाय धुताना त्यांचा पहिला प्रश्न असतो, “रस्ता कुठवर आला?” त्यात त्यांची चूक नाही. २०११ साली सुरू झालेले चौपदरीकरण २०२६ ची निवडणूक आली तरी अपुरेच. रात्रभर खड्ड्यांत हाडे खिळखिळी करून घेतलेल्या माणसाने दुसरे काय विचारावे? पण काका या रस्त्याने वर्षातून दोनदा येतात, गणपतीला आणि शिमग्याला. मी रोज जाते. उमेदवार वर्षातून दोनदा येणाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण गावातल्या दहा घरांची मते त्याच्या शब्दावर आहेत. रोज जाणाऱ्यांत असतात आठवीतल्या मुली, बाजाराला निघालेल्या बायका, दवाखान्याला निघालेले म्हातारे. त्यांच्या मताची मोट कोणी बांधत नाही. गणपतीच्या दिवसांत मुंबईहून कोकणात जादा गाड्या सोडतात. २०२५ साली पाच हजार गाड्या जाहीर झाल्या होत्या. त्या सोडाव्यात, त्याबद्दल तक्रार नाही. मला त्यातून एवढेच दिसते की मागणारा एकवटून मागत असला म्हणजे गाड्या निघतात.

कोणी असे समजू नये की मी महामार्गाच्या विरुद्ध आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. त्यात वाहून गेलेल्या वाहनांत एस.टी.च्या दोन गाड्या होत्या. मी तेव्हा लहान होते, पण त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या गावात माणसे कोणत्याही पुलावरून जाताना नमस्कार करीत, हे आठवते. तेथे नवा पूल वर्षाच्या आत, २०१७ च्या जूनमध्ये उभा राहिला. चांगला रस्ता हवा, मजबूत पूल हवा, रुग्णवाहिका वेळेवर पोहोचली पाहिजे. याविषयी दुमत नाही.

माझे म्हणणे असे की रस्ता रुंद करणे आणि गाडी हे दोन वेगळे विषय नाहीतच. आमच्या फाट्यावर पूर्वी वडाचे झाड होते, त्याखाली चिऱ्याची निवाराशेड होती. रुंदीकरणात दोन्ही गेली. झाड परत येणार नाही हे समजते, पण शेडही परत आली नाही. आता मधे दुभाजक आहे. तालुक्याकडे जाणारी गाडी अलीकडे थांबते आणि तिकडून येणारी पलीकडे. पलीकडे उतरलेल्या माणसाने अलीकडे यायचे तर भुयारी वाट आहे पाऊण किलोमीटरवर. डोक्यावर बाजाराची पाटी घेतलेली बाई तेवढे चालून जात नाही. ती दुभाजकावरून चढून येते, आणि समोरून ताशी ऐंशी-नव्वदच्या वेगाने मोटारी येत असतात. जेथे उड्डाणपूल झाला तेथे तर लांब पल्ल्याची गाडी वरून जाते आणि थांबा खाली राहतो. रस्ता आखताना माणूस फक्त एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणारा धरला आहे. मधे उतरणारा आणि रस्ता ओलांडणारा माणूस नकाशात नाही. जमीन गेली त्याला निदान मोबदला मिळाला. अर्थात सामाईक सातबाऱ्यावर वीस-वीस नावे असल्याने तोही किती ठिकाणी अडकला आहे हे आपण जाणतोच. पण ज्याचा थांबा गेला त्याचा पंचनामासुद्धा झाला नाही. अशी नुकसानभरपाई मागायला एकही उमेदवार निघाला नाही.

आता घरोघरी मोटारसायकली झाल्या, एस.टी.चे दिवस संपले, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आमच्या वर्गातली मुले तर हे अगदी ठामपणे म्हणतात. त्यांना माझा एकच प्रश्न आहे : घरात गाडी आहे, पण ती कोणाची? आमच्या वाडीत चौदा घरे, त्यांत नऊ मोटारसायकली. एकही मुलीच्या हातात नाही. ज्या दिवशी भावाला काम नसेल त्या दिवशी तो सोडतो, नसता नाही. बापाला साठीनंतर चालवता येत नाही, आईला कधी आलीच नाही. तेव्हा ‘प्रत्येकाकडे गाडी आहे’ या वाक्यातला प्रत्येक म्हणजे वीस ते पन्नास वयाचा पुरुष. शिवाय हप्ता आहे, पेट्रोल आहे. बाबा चिऱ्याच्या खाणीवर जातात. पावसाळ्यात खाण बंद असते, पण हप्ता बंद नसतो.

वडापचे म्हणाल तर त्यांचे उपकार आहेत. फाट्यावरून अंधारात घरी आणून सोडणारे तेच. पण वडाप भरल्याशिवाय सुटत नाही. परीक्षा अकराला असली तर ते दहा माणसे जमण्याची वाट पाहणारच, त्यांचाही धंदा आहे. आणि तेथे पास चालत नाही. या पासाचे गणित आपल्या प्राध्यापकवर्गाला ठाऊक असावे म्हणून लिहिते. विद्यार्थ्यांच्या मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत आहे. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत. ७५ वर्षांवरील वृद्धांना २०२२ च्या ऑगस्टपासून मोफत प्रवास आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्धे तिकीट. या चांगल्या गोष्टी आहेत, आणि पहिल्या उमेदवाराने सभेत त्या आपल्याच खिशातून दिल्यासारख्या सांगितल्या. पण गाडीच गावात येत नसेल तर अर्ध्या तिकिटाचे करायचे काय? आमची आजी ७८ वर्षांची आहे. तिला मोफत प्रवासाचा हक्क आहे, आणि तो वापरण्यासाठी तिने आधी साडेचार किलोमीटर चालले पाहिजे.

माझ्याबरोबर बारावीपर्यंत असलेली एक मैत्रीण आज आपल्या महाविद्यालयात नाही. ती माझ्यापेक्षा हुशार. भूगोलाचे नकाशे तिने काढावेत आणि आम्ही गिरवावेत, असे होते. वस्तीची गाडी बंद झाली तेव्हा आमची बारावी चालू होती. फाट्यावरून परत येताना हिवाळ्यात काळोख पडतो, वाटेत काजूची दाट बाग आहे आणि बिबट्या दोनदा दिसलेला आहे. निकाल लागल्यावर तिचे वडील म्हणाले, “बारावी झाली, आता बस.” या वाक्यावर मी नंतर हसलेही होते, कारण बस नाही म्हणूनच ते ‘बस’ म्हणाले! तिचे लग्न ठरले आहे. ते चांगल्या घरी ठरले आहे आणि ती सुखात राहो. पण तिच्या वडिलांना शिक्षणाचे वावडे नव्हते, हे मी शपथेवर सांगते. मुलगी काळोखात कशी येणार एवढाच त्यांचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर त्यांना कोणी दिले नाही. मी येऊ शकले, कारण माझे बाबा खाणीवरून येताना फाट्यावर थांबतात. ज्या दिवशी त्यांचे काम लवकर सुटते त्या दिवशी ते दोन-दोन तास तेथे बसून असतात. महाविद्यालयात येणारी मी घरातली पहिली खरी, पण या शिक्षणाचा रोजचा खर्च बाबांच्या त्या दोन तासांतही धरावा लागेल.

यावर काही प्राध्यापक म्हणतील की मग उमेदवाराने नेमकी भूमिका घ्यायची तरी कोणती? माझ्या अल्पमतीप्रमाणे ती फार अवघड नाही. गटातल्या ज्या ज्या ग्रामीण मार्गावरून एस.टी.ची मोठी गाडी जात होती आणि मोरी, साकव किंवा वळण यांमुळे थांबली, त्यांची यादी करावी आणि पहिल्या वर्षाचा बांधकामाचा पैसा तेथे आधी घालावा. चकचकीत डांबर नंतर. महामार्गावर प्रत्येक फाट्याला निवाराशेड, दिवा आणि ओलांडायला सुरक्षित जागा मिळावी म्हणून सर्वसाधारण सभेत ठराव करावा. ठरावाने रस्ता होत नाही हे मलाही कळते, पण कागदावर तारीख पडते आणि पुढे विचारायला आधार राहतो. फोनवरच्या ‘बघतो साहेब’ला तारीख नसते. आणि रस्ता दुरुस्त झाला की त्याच आठवड्यात आगाराला लेखी कळवावे, की आता गाडी घाला. नाहीतर मोरी होईल, फीत कापली जाईल आणि गाडी फाट्यावरूनच वळत राहील, कारण सांगायचे कोणी ही पद्धतच नाही.

मी मत कोणाला दिले ते सांगणार नाही. दोन मते होती, दोन्ही दिली. निकाल आपल्याला माहीत आहेच. निवडून आलेले सदस्य दर सोमवारी तालुक्याच्या ठिकाणी भेटतात असे कळले आहे. आमच्या गावचा आणि फाट्याच्या आतल्या आणखी चार गावांचा मिळून एक अर्ज तयार केला आहे. त्यात मोरीची मापे आहेत, ती बाबांनी आणि मी दोरीने घेतली. त्याशिवाय या पाच गावांतून आपल्या महाविद्यालयात येणाऱ्या मुला-मुलींची संख्या आणि त्यांच्या तासांच्या वेळा आहेत. अर्ज विद्यार्थिनींच्या विश्रांतिकक्षात टेबलावर ठेवला आहे. मुलांसाठी एक प्रत ग्रंथालयाच्या दाराशी आहे. आतापर्यंत ६३ सह्या झाल्या आहेत. प्राध्यापकांनीही केल्या तर हव्याच आहेत. सही करताना गावाचे नाव आणि आपल्या फाट्यापासून घर किती अंतरावर आहे, एवढे जरूर लिहावे.